लोसानाच्या गोळ्यांवर ताबू

नासौकुला, कंदावू बेट
रविवार, दुपारची प्रार्थना आटोपल्यावर

आदरणीय उनाइसी वहिनींना नासौकुलाहून तितिलियाचा, गालाला नाक टेकवून घेतलेल्या लांब श्वासासकट नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? लौटोकाच्या डॉक्टरचा काही गुण आला का, की अजून पायऱ्या उतरताना सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं कण्हता? दादाची साखर कशी आहे ते सांगू नका, तो चहात चार चमचे घालतो हे मला माहीत आहे आणि ऐकून माझंच डोकं दुखतं. मी नाताळला पाठवलेली चटई तुम्ही पलंगाखाली गुंडाळून ठेवल्याचं कानावर आलं. वहिनी, ती चटई माणसांना बसायला विणली होती, झुरळांना निजायला नव्हे. असो. इकडे देवाच्या कृपेनं सगळे ठणठणीत आहोत. कसावा यंदा मांडीएवढा जाड आलाय. आमच्या ह्यांचे पुढचे दोन दात गेले, पण त्यामुळे बोलणं काही कमी झालेलं नाही. तुमच्या नावाची धाकटी उनाइसी, म्हणजे माझी नात, दिसायला अगदी तुमच्यावर गेली आहे, बाकी स्वभावानं गोड आहे.

आता आधी एक गोष्ट बजावते. हे पत्र दादाच्या हाती पडू देऊ नका. विषय बायकांचा आहे, आणि सख्ख्या भावासमोर मी आजवर 'माझं पोट दुखतंय' एवढंही म्हटलेलं नाही. त्याला जे सांगायचं ते तुमच्यामार्फतच सांगत आले (तुम्ही त्यातलं निम्मं गाळता, तेही मला कळतं). त्यानं विचारलंच, तर वन्संनी मासळीबद्दल लिहिलंय म्हणून सांगा. ते खोटंही नाही, पुढे मासळी येते. फोन का केला नाही म्हणाल, तर इथं सिग्नल अजून फक्त शाळेमागच्या टेकाडावर, नीरफणसाखालीच लागतो, आणि तिथं कुणी बोलायला लागलं की बाकीचे ऐकायला मांडी घालून बसतात. परवा एका सासऱ्यानं तिथून जावयाची कानउघाडणी केली, तर बसलेल्यांनी त्याला मध्येच मुद्दे पुरवले. असल्या ठिकाणी मी गर्भ न राहण्याच्या गोळ्यांबद्दल बोलू का?

हो, गोळ्यांबद्दलच. डोळे मोठे करू नका. पण आधी अभिमानाची गोष्ट सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय मला दम निघत नाही. माझी सून लोसाना मास्तरीण होण्याच्या शिक्षणासाठी निवडली गेली! फेब्रुवारीत तुमच्याच लौटोकाला तिचं कॉलेज सुरू होणार. आमच्या घरात आजवर सगळ्यात मोठं प्रमाणपत्र कुठलं होतं, तर आमच्या ह्यांचा बोट चालवायचा परवाना, आणि तोही पहिल्याच फेरीत खिशासकट भिजला. त्या घरात कॉलेजचा कागद आला! मी तो चर्चमध्ये नेऊन पाळकसाहेबांकडून मोठ्यानं वाचून घेतला. मग त्यांचा उच्चार मला पुरेसा दणदणीत वाटला नाही, म्हणून पुन्हा वाचायला लावला.

तर हे शिक्षण पार पडायचं, तर मध्ये दुसरं मूल राहून चालणार नव्हतं. तुम्हाला आठवत असेल, धाकट्या उनाइसीच्या वेळी लोसाना किती महिने चटईवरून उठली नव्हती. पाणी प्यायलं तरी बाहेर. डोळे आत गेले होते पोरीचे. तशात कसलं कॉलेज आणि कसलं काय. म्हणून तिनं आणि माझ्या तेवितानं ठरवलं, की पाठचं मूल कॉलेज संपल्यावर. (ठरवलं त्या दोघांनी. अभिमान मला वाटतो. अशी आमच्या घरात कामाची वाटणी आहे.) तेविता कसा, महिन्यातले कितीतरी दिवस मालवाहू जहाजावर, आणि घरी आला की बायकोच्या मागेमागे. तेव्हा बेत नुसता ठरवून भागणार नव्हतं. मग मी लोसानाला घेऊन खाडीपलीकडे सरकारी दवाखान्यात सिस्टर केलेसीकडे गेले.

सिस्टर केलेसी वयानं माझ्या मुलीएवढी, पण आवाज माझ्या आईचा. तिनं लोसानाला हजार प्रश्न विचारले. तंबाखू ओढतेस का? डोकं दुखायच्या आधी डोळ्यांपुढे नागमोडी उजेड नाचतो का? पायात किंवा छातीत कधी रक्ताची गाठ झाली होती का? क्षयाच्या नाहीतर फिटच्या गोळ्या चालू आहेत का? बाळ किती महिन्यांचं, अंगावर किती पितं? मी शेजारीच बसले होते, त्यामुळे सगळी उत्तरं मीच चोख दिली. शेवटी तिनं रक्तदाब मोजायचा पट्टा काढला तेव्हाही मी बाही वर केली. सिस्टर म्हणाली, "मावशी, गोळ्या हिला द्यायच्यात. तुम्ही जरा बाहेरच्या बाकावर बसून समुद्र बघता का?" मी बसले. समुद्र मी लहानपणापासून बघतेय, पण आग्रह मोडवेना.

बाळ सहा महिन्यांपलीकडे गेलं होतं आणि रक्तदाब उत्तम होता, म्हणून लोसानाला नेहमीच्या गोळ्या मिळाल्या. रोज एक, रोज ठरल्या वेळी. आमच्याकडे घड्याळं तीन आणि तिन्हींचं आपापसात पटत नाही, तेव्हा लोसानानं स्वतःच्या डोक्यानं युक्ती काढली, की संध्याकाळच्या प्रार्थनेचा चर्चचा लाकडी ढोल वाजला की गोळी. ढोल वाजवणाऱ्या म्हाताऱ्या सेमीला अजून कल्पना नाही, की तो देवाबरोबर आणखी कशाची आठवण करून देत होता. असे कित्येक आठवडे सुरळीत गेले.

आणि मग मी चटया विकायला सुवाला गेले. वहिनी, मी गावात असते तर हे घडलंच नसतं, हे मी आत्ताच लिहून ठेवते.

तुम्ही शहरात राहून विसरला असाल म्हणून सांगते, इथं अजून नातेवाइकानं 'केरेकेरे' म्हणून हात पुढे केला की नाही म्हणत नाहीत. आमची मोठी कढई सध्या पाळकांकडे आहे, बोटीचं इंजिन ह्यांच्या चुलतभावाकडे, आणि माझी रविवारची टोपी तिसऱ्याच गावात लग्नाला गेली आहे. आमच्याकडेही लोकांच्या वस्तू आहेतच. मला त्याचा अभिमानच आहे. नासौकुलात कुणी कशावाचून अडलं असं कधी झालं नाही. पण ह्यात एक ग्यानबाची मेख आहे, ती आमच्यापैकी कुणाच्या ध्यानात आली नव्हती. इंजिन चार घरी फिरून आलं तरी इंजिनच राहतं. गोळ्यांचं तसं नाही.

माझी धाकटी जाऊ माकेरेता तुम्हाला माहीत आहे. चार पोरांची आई, चाळिशीकडे झुकलेली, आणि रोज संध्याकाळी पायरीवर बसून गावठी तंबाखूची विडी ओढणारी. तेविताचं जहाज निघालं त्याच दिवशी ती आमच्या घरी आली. "लोसाना, तुझ्या त्या गोळ्या दे की थोड्या. केरेकेरे." लोसाना म्हणाली, "काकू, रोज घ्याव्या लागतात हो." त्यावर माकेरेता म्हणते, "अगं, तुझा नवरा दर्यावर, माझा पायरीवर! गरज कुणाला आहे? तो यायच्या आत परत आणून देते." आता नवी सून, समोर चुलतसासू, वर केरेकेरे म्हणालेली. पोरीनं अर्धं पाकीट काढून दिलं. माकेरेताला मिळाल्याचं शेजारच्या घराला कळलं, तिथून तिसऱ्या घराला. आठवड्याभरात लोसानाची पाकिटं गावभर झाली. एकीनं तर फक्त शेवटच्या तपकिरी गोळ्या मागून नेल्या, रंग आवडला म्हणून. (त्या तपकिरी गोळ्यांत औषध नसतंच, सवय मोडू नये म्हणून घ्यायच्या असतात. ती बाई महिनाभर निर्धास्त होती. देव भोळ्यांना सांभाळतो, तिलाही सांभाळलं.)

पुढे काय व्हायचं ते झालं. जहाजाचं यंत्र बिघडलं आणि तेविता दहा दिवस आधीच दारात उभा. लोसानाची धावपळ उडाली. तिनं घरोघर निरोप धाडले, गोळ्या परत द्या. आता नासौकुलाच्या बायका म्हणजे मानी. घेतलेलं जसंच्या तसं परत करणं आमच्यात कमीपणाचं. जिनं चार नेल्या तिनं सहा आणल्या, जिनं सहा नेल्या तिनं मूठभर. कुठून आणल्या हे विचारू नका. कोकोच्या डब्यात सगळ्या जमा झाल्या, आणि ती बिचारी त्यातली आपल्या गोळीसारखी दिसणारी एकेक ढोलाच्या वेळी इमानदारीत घेत राहिली.

मी सुवाहून आले, माझ्या चटया सगळ्यांच्या आधी खपल्या हे सांगायला चुलीपाशी बसले, आणि कोको करायला डबा उघडला. वहिनी, आत काय नव्हतं! एक गोळी मी लगेच ओळखली, ती आमच्या ह्यांची जंतांची. एक गुलाबी, ती म्हाताऱ्या सेमीची रक्तदाबाची. दोन तर मुळात गोळ्याच नव्हत्या, पुदिन्याच्या वड्या होत्या, मी चाखून बघितल्या. मी लोसानाकडे पाहिलं. तिनं सगळं सांगितलं, आणि शेवटी खाली बघून म्हणाली, "आई, पाळीचा दिवस उलटून गेलाय." बाहेर तेविता लाकडं फोडत शीळ घालत होता. कॉलेजचा कागद समोर कुडाला टाचलेला होता. मी पहिल्यांदाच त्याच्याकडे बघायचं टाळलं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बोटीनं डब्यासकट आम्ही सिस्टर केलेसीपुढे हजर. तिनं डबा टेबलावर पालथा केला. एकेक गोळी उजेडात धरून पाहिली. मग पुदिन्याची वडी बोटानं बाजूला सारत म्हणाली, "ही तेवढी निर्धोक आहे." आणि नंतर जी सुरू झाली! नवरा दर्यावर असला तरी गोळी थांबवायची नाही, कारण ती त्या रात्रीपुरती नसते, रोज घेतली तरच राखण करते. एखादी चुकली तर आठवल्याबरोबर घ्यायची, भले त्या दिवशी दोन होवोत. लागोपाठ दोन किंवा जास्त चुकल्या तर शेवटची चुकलेली लगेच घ्यायची, रोजचा क्रम चालू ठेवायचा आणि सात दिवस निरोधही वापरायचा. पाकीट संपत आलं असताना असं झालं तर तपकिरी गोळ्या सोडून सरळ नवं पाकीट सुरू करायचं. गोळीमागोमाग उलटी झाली तर ती गोळी पोटात गेली असं धरायचं नाही. आणि दुसऱ्याच्या गोळ्या घ्यायच्या नाहीत, दुसऱ्याला द्यायच्या नाहीत, सख्खी बहीण असली तरी! "आणि चूक झाल्यापासून पाच दिवसांत आली असतीस," ती लोसानाला म्हणाली, "तर वेगळी गोळी होती माझ्याकडे. तू डबा घेऊन बसलीस." लोसानाचे डोळे भरले. तेव्हा सिस्टरनं आवाज खाली आणला, तिच्या पाठीवर हात ठेवला. तपासणी केली, गर्भ नाही असं दिसलं, पण फार लवकर आहे, तीन आठवड्यांनी पुन्हा पाहिल्याशिवाय खात्री नाही, असं म्हणाली. नवं पाकीट दिलं, निरोधची चळत दिली. येताना बोटीत नेमके पाळकसाहेब. लाट आली, माझी पिशवी कलंडली, आणि चळत त्यांच्या पायाशी. त्यांनी खाली पाहिलं, मग क्षितिजाकडे पाहिलं आणि म्हणाले, "आज वारा दक्षिणेचा आहे." माणूस सज्जन.

ते तीन आठवडे मी कसे काढले ते माझं मला माहीत.  लोसाना नेहमीसारखी मासे साफ करायची, पोरीला न्हाऊ घालायची, फक्त कुडावरच्या कागदाकडे पाठ करून बसायची. सकाळी तिला जरा मळमळल्यासारखं वाटलं, की मी बोटांवर दिवस मोजायला बसायचे. मला नातवंडं नकोत असं नाही. दहा होऊ देत, मी सगळी सांभाळीन. पण ह्या पोरीला मास्तरीण झालेली मला बघायचं होतं. तिच्या स्वतःच्या आईलाही नसेल इतकं मला बघायचं होतं. हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही, तुम्हालाच पहिल्यांदा लिहितेय.

पण मी हातावर हात ठेवून बसणारी नव्हे. मला विचार पडला, की समजा सगळं ठीक निघालं, तरी माकेरेता उद्या पुन्हा हात पुढे करणारच, आणि लोसाना पुन्हा नाही म्हणू शकणार नाही. नाही म्हणायला शिकव, असं सिस्टर म्हणाली. ते शहरात. इथं कसं शिकवणार? मी तीन दिवस चटई विणत विचार केला आणि तिसऱ्या दिवशी मला ते सुचलं. (वहिनी, ह्या पुढचं जरा सावकाश वाचा. आयुष्यात मला इतकं चांगलं पूर्वी काही सुचलेलं नाही.) मोठे सरदार वारले तेव्हा प्रवाळाच्या कडेच्या मासळीवर ताबू लावला होता, कुणी हात लावायचा नाही म्हणून, आठवतं? पाण्यात खांब, खांबाला नारळाची झावळी. डोळ्यांदेखत मासे उड्या मारायचे, पण एकानं गळ टाकला नाही, आणि कुणी कुणाला तिथली मासळी मागितलीही नाही. मागितलेलं नाकारता येत नाही हे खरं. पण ताबू असलेलं कुणी मागतच नाही!

झालं. मागणं घालताना रीतीनं पुढे ठेवतात ती यांगोनाच्या मुळ्यांची जुडी मी ह्यांना बांधून दिली आणि कुळातल्या वडीलधाऱ्यांकडे, रातू इलाइतियांकडे पाठवलं. आता सुनेच्या असल्या गोष्टीचं नाव सासरा घेणार कसा? हे जुडी पुढे ठेवून घाम पुसत बसले. मी मागं, कुडाला टेकून. रातूंनी विचारलं, "ताबू कशावर हवाय?"
"बायकांची एक वस्तू आहे."
"केवढी?"
"बारीक."
"खायची का?"
"हो. पण एकीची एकीनंच."
"किती दिवस?"
"सूनबाई मास्तरीण होईपर्यंत."
रातूंनी डोळे मिटले. मला वाटलं, झोपले. मग म्हणाले, "एकीची एकीनंच खायची, तर आजवर ताबू का नव्हता?" आणि टाळ्या वाजवून जुडी स्वीकारली. त्या क्षणी आमच्या ह्यांच्याकडे बघून मला अभिमान वाटला, हे मी लिहून देते, कारण असे प्रसंग मोजकेच येतात.

डब्यात आता फक्त लोसानाची सीलबंद पाकिटं. डब्याला मी झावळीचं पातं गुंडाळलं आणि एक दाराशीही बांधलं, म्हणजे पायरीवरूनच कळावं. इथं थोडी गडबड झाली. गावच्या मुकादमानं सकाळी दारावरची झावळी पाहिली आणि मासळीवर ताबू लागला असं समजून ओरडत गावभर फिरला. बोटी अर्ध्यातून परतल्या. दोन दिवस सगळ्या गावानं टिनमधली मासळी खाल्ली आणि कोण वारलं म्हणून एकमेकांना विचारलं. (ही ती मासळी. दादाला हे खुशाल सांगा.)

माकेरेता मात्र रुसली. "गोळ्यांवर कधी ताबू असतो का? मग मी काय करू, पाचवं पोर?" म्हणत आली आणि पायरीवर बसली. बसल्या बसल्या तिनं डोकं दाबलं. मी सहज विचारलं, तर म्हणाली, "काही नाही गं, ह्या गोळ्या घ्यायला लागल्यापासून डोळ्यांपुढे नागमोडी चमकतं आणि मग डोकं फुटायला होतं." वहिनी! नागमोडी उजेड! सिस्टरचा तो प्रश्न मला पाठ होता, उत्तर मीच दिलं होतं ना. तंबाखू ओढणारी, पस्तिशी उलटलेली, डोळ्यांपुढे चमकतंय, आणि दुसरीच्या गोळ्या! मी तिला त्या पायरीवरून उठवलं ती थेट बोटीत बसवली, विडीसुद्धा संपवू दिली नाही. रक्तदाब इतका निघाला, की सिस्टरनं पट्टा पुन्हा बांधून पाहिला. म्हणाली, ह्या गोळ्या हिच्यासाठी नव्हेतच, आजच बंद. डोक्यात रक्ताची गाठ होऊ शकली असती. माकेरेता पांढरीफटक. रक्तदाबाचं औषध सुरू झालं आणि तिला तिच्यापुरता वेगळा उपाय मिळाला, दंडाच्या कातडीखाली बारीक काड्या, कित्येक वर्षं टिकतात. आता ती दंड दाखवत गावभर फिरते. "ही घे म्हणावं केरेकेरे!" म्हणून आव्हान देते.

त्यानंतर मी सिस्टरलाच गावात बोलावलं. माझ्या चटईवर (नव्या, रुंद चटईवर) एकेका बाईला बसवून तिनं रक्तदाब मोजला, आडोशाला नेऊन विचारपूस केली आणि जिला जे सोसेल ते तिच्या तिच्या नावानं दिलं. अंगावर पाजणारीला वेगळ्या गोळ्या, एकीला सुई, एकीला काहीच नको होतं, तिला नुसता चहा. रोगराईपासून गोळी वाचवत नाही, त्याला निरोधच, हेही तिनं खणखणीत सांगितलं, मुकादम खिडकीबाहेर उभा असताना. आता आमच्या गावात घरोघरी झावळी बांधलेला एकेक डबा आहे. दुसऱ्या गावच्या बायका बघायला येतात. मी दाखवते.

आणि लोसाना? तिचे तीन आठवडे भरले होते, त्याच दिवशी सगळ्यात शेवटी ती आत गेली. मी बाहेर बसले, ह्या खेपेला कुणी न सांगता. ती बाहेर आली, माझ्यासमोर बसली, आणि तिनं माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. मला कळेना, हसतेय की रडतेय. सिस्टर दारातून म्हणाली, "मावशी, नाही आहे. नक्की नाही." मी ओरडले ते टेकाडावरच्या नीरफणसाखाली ऐकू गेलं म्हणे. तेविता धावत आला, त्यानं बायकोला उचललंच. आमच्या ह्यांनी तर कुणाचं न ऐकता डुक्कर कापलं आणि भट्टी पेटवली. लोक विचारायला लागले, काय आनंदाची बातमी? हे छाती काढून सांगत सुटले, "आमच्या घरी मूल होणार नाही!" सुनेला दिवस न गेल्याबद्दल डुक्कर कापणारा सासरा ह्या बेटावर दुसरा असेल असं मला वाटत नाही. रातूंना मानाचा वाटा पाठवला. त्यांनी निरोप दिला, मास्तरीण झाली की अजून मोठं कापा.

तर अशी इकडची खुशाली. गुडघ्याला खोबरेल चोळत जा. देव तुम्हा सगळ्यांना सुखी ठेवो.

तुमची,
तितिलिया वन्सं

ता. क. लोसाना फेब्रुवारीच्या पहिल्या बोटीनं निघतेय. ती शिक्षण संपेपर्यंत तुमच्याकडे राहील. केरेकेरे. (नाही म्हणता येत नाही, हे वर सविस्तर लिहिलंच आहे.) दादाला तुम्हीच सांगा, आणि ह्या वेळी निम्मं गाळू नका.

आणखी ता. क. तिच्या डब्याला झावळी असेल, ती काढू नका. तुमच्या घरी भाच्या-पुतण्यांचा राबता आहे, कुणी हात पुढे केला तर तुम्ही मध्ये उभ्या राहा. वेळच्या वेळी तिला रक्तदाब मोजायला पाठवा. पोटरी सुजली, दुखली, छातीत कळ आली, धाप लागली, डोकं अचानक भयंकर दुखलं किंवा दिसेनासं झालं, तर त्याच पावली मोठ्या दवाखान्यात न्या. आधी पोटरी चोळत बसू नका. तुमचा चोळण्यात हातखंडा आहे हे मी जाणते, तरीही नको. धाकटी उनाइसी माझ्याजवळ राहील.

शेवटचं ता. क. हे फक्त तुम्हाला. काल लोसाना ओढ्यावर कपडे धुवायला गेली होती, तेव्हा धाकटी उनाइसी चुलीजवळच्या खांबाला धरून उठली, खांब सोडला, आणि चालत माझ्यापर्यंत आली. चार पावलं. मी कुणाला हाकसुद्धा मारली नाही, तिला उचललं आणि माकेरेताच्या घरी नेऊन दार लावून घेतलं. लोसानाला कळलं तर ती बोटीत पाय ठेवणार नाही. म्हणून ती निघेपर्यंत पोर माझ्या कडेवरून खाली उतरणार नाही, कंबर मोडली तरी बेहत्तर. सगळ्या गावाला बजावून ठेवलंय. मे महिन्याच्या सुट्टीत लोसाना उतरेल तेव्हा पोरीला धक्क्यावर सोडीन, आणि ती पहिल्यांदाच चालेल, आईकडे. तुम्हाला फोन येईल. तुम्हीही नवल करा, वहिनी, आणि खऱ्यासारखं करा.